शाँबेरोलहून आलेले तिघांचे निमंत्रण

प्रति,
मा. कॉन्सुलर अधिकारी,
भारतीय वाणिज्य दूतावास,
दुबई.

विषय : फ्रान्समधील शाँबेरोल या गावी जाण्याच्या व्हिसासाठी, कु. इनेज अल्बर्ट रुमाव ही अर्जदारासोबत प्रवास करणार नाही, एवढ्याच मजकुराचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : दि. ९ मे २००० रोजी आपल्याशी दूरध्वनीवरून झालेले बोलणे.

अर्जदार : अल्बर्ट पास्कल रुमाव, वय ५८, स्टोअरकीपर, मूळ राहणार मर्देस, ता. वसई, जि. ठाणे, हल्ली मुक्काम टर्मिनल स्टाफ क्वार्टर्स, खोली क्र. ८, फुजैरा.

महोदय,

१. आपण फोनवर म्हणालात, "रुमाव, असा दाखला मागायला आजवर कुणी आलेलं नाही. काय झालंय ते सगळं मराठीत लिहून द्या, काही गाळू नका. मी स्वतः वाचतो." त्यानुसार हा अर्ज सविनय सादर करीत आहे. अर्जदाराचे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लिहिण्याची सवय मालाच्या चिठ्ठ्यांपुरती. म्हणून पलीकडच्या इमारतीत राहणाऱ्या सौ. प्रमिला गद्रे, ज्या पूर्वी पुण्यात शिक्षिका होत्या, त्यांनी हा अर्ज लिहून घेतला. अर्जदार सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मजकूर लांबला आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. अर्जदार १९८३ सालापासून फुजैरा येथील तेलाच्या टर्मिनलवर कामास आहेत. क्वार्टर्समधील खोली क्र. ७ मध्ये रेमाँ नावाचे फ्रेंच गृहस्थ राहत. जहाजांना तेल भरण्याच्या कामावर त्यांची देखरेख असे. अर्जदाराच्या पाड्यात तीन रेमंड आहेत, त्यामुळे अर्जदार त्यांनाही पहिल्या दिवसापासून रेमंडच म्हणू लागले आणि त्यांनी ते चालवून घेतले. ते अर्जदारास आल्बेर म्हणत. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. रेमंड अविवाहित, स्वभावाने घुमे. अर्जदाराचे कुटुंब वसईला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत दोघांचे सतरा वर्षे चालले.

दोघेही शेतकऱ्यांच्या घरचे, हे एका दुधीवरून कळले. अर्जदाराने क्वार्टर्सच्या मागे डब्यात दुधी लावला होता. रेमंड येऊन उकिडवे बसले, माती बोटांत चुरून पाहिली आणि म्हणाले, "नो गुड. दिस इज सँड, आल्बेर. दिस इज नॉट अर्थ." दुसऱ्याच शुक्रवारी ते ड्रायव्हर मोहिद्दीनला घेऊन डोंगरातल्या वाडीत, म्हणजे तिथल्या कोरड्या ओढ्यात, गेले आणि पिकअप भरून गाळाची माती घेऊन आले. तिचे चार वाफे झाले. एअर कंडिशनरचे ठिबकणारे पाणी पिंपात साठवून त्यावर टोमॅटो, वाल, कांदे होत. रोपांना मातीची भर घालावी असे अर्जदाराचे मत, गवताने झाकावे असे रेमंडचे. म्हणून दोन वाफे अर्जदाराच्या पद्धतीचे आणि दोन त्यांच्या. याच वाफ्यांवर बसून अर्जदाराने शाँबेरोल पाहिले. डोळ्यांनी नव्हे, कानांनी.

३. शाँबेरोल हे मध्य फ्रान्समधील डोंगराळ भागातले सव्वीस उंबऱ्यांचे गाव आहे. त्यांतली अकरा घरे बंद. काळ्या दगडाच्या भिंती, जाड पाट्यांचे छप्पर, आणि गुरांचा गोठा घराच्याच एका अंगाला, म्हणजे थंडीत जनावरांच्या उबेने माणसांनाही ऊब. शाळा पोरांअभावी बंद झाली. पाववाल्याची गाडी मंगळवारी व शनिवारी येते, भोंगा वाजवते, आणि बाया पदर सावरत, म्हणजे तिथले एप्रन सावरत, बाहेर येतात. फादर पाच गावांना मिळून एक, त्यामुळे चर्चमधली मिस्सा महिन्याच्या तिसऱ्या रविवारी. जूनमध्ये गवत कापून वाळवतात. तेव्हा पाऊस आला तर वर्षाचे नुकसान, म्हणून त्या दिवसांत सारे गाव मान वर करून चालते. ऑक्टोबरात अक्रोड पडतात. नोव्हेंबरात डुक्कर कापतात. धुण्याचे दगडी कुंड आहे, आमच्या वसईकडच्या बावखल नावाच्या तळ्यासारखे, पण त्याला छप्पर.

रेमंड यांचे घर गावाच्या शेवटी. वडील, आई आणि चौदा गाई. एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी "मला गाई नकोत" असे सांगून जहाजावर गेला. वडिलांनी दार लावून घेतले आणि पुढे एकोणतीस वर्षे त्याचे नाव काढले नाही. १९८६ साली वडील वारले तेव्हा रेमंड गावी गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. अर्जदाराने विचारले, "इतक्या लवकर?" ते म्हणाले, "गाई विकल्या होत्या. गोठ्यात गेलो, तर थंड होता." त्यानंतर ते कधीही गावी गेले नाहीत. मात्र दर शुक्रवारी सकाळी आईला पत्र लिहीत. आणि दर मंगळवारी दुपारी घड्याळ पाहून म्हणत, "नाऊ ब्रेड व्हॅन कम." अर्जदारही नकळत मान हलवीत, जणू दोघांनाही भोंगा ऐकू आला आहे.

४. अर्जदाराचा विवाह १९७४ साली क्रिस्टिना हिच्याशी झाला. १९८७ च्या हिवाळ्यात ती दोन महिने फुजैऱ्यास येऊन राहिली होती. तिने रेमंडना तांदळाची भाकरी व बोंबलाचे कालवण खाऊ घातले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतले. तिने त्यांना "भाऊ" म्हणायला शिकवले. ते "बाऊ" म्हणत.

लग्नाला तेरा वर्षे उलटल्यावर क्रिस्टिनाला दिवस गेले. ही बातमी अर्जदाराने आधी रेमंडना सांगितली, नंतर पाड्यात कळवली. मुलगी झाली तर नाव इनेज ठेवायचे ठरले होते. दि. १८ ऑगस्ट १९८८ रोजी वसईत मुलगी झाली. ती जिवंत नव्हती. तार आली तेव्हा अर्जदार स्टोअरमध्ये होते. त्या आठवड्यात तीन जहाजे लागली होती, रजा मिळाली नाही. रेमंड रोज संध्याकाळी खुर्ची आणून अर्जदाराच्या दाराशी बसत. नवव्या दिवशी एवढेच म्हणाले, "इनेज. गुड नेम."

१९९३ साली क्रिस्टिना कावीळ होऊन वारली. अर्जदार अकरा दिवस जाऊन आले. परत आले तेव्हा चारही वाफ्यांना पाणी घातलेले होते आणि अर्जदाराच्या वाफ्यांना नीट भर घातलेली होती. अर्जदाराच्या पद्धतीने.

यानंतर इनेजचे नाव दोघांमध्ये कधीही निघाले नाही, असा अर्जदाराचा समज होता.

५. दि. ११ जानेवारी २००० रोजी, मंगळवारी सकाळी, रेमंड कामावर गेले नाहीत. अर्जदाराने भिंतीवर थापटले. मग दार उघडवले. हृदयविकार, असे डॉक्टर म्हणाले. वय ६३. कंपनीने देह गावी पाठवण्याची व्यवस्था चांगली केली, त्याबद्दल तक्रार नाही. मोहिद्दीनच्या गाडीत अर्जदार दुबई विमानतळाच्या मालवाहतूक फाटकापर्यंत गेले. तिथल्या फॉर्मवर मयताशी नाते विचारले होते. अर्जदाराने "शेजारी" असे लिहिले. लिहिताना ते पुरेसे वाटले नाही. दुसरे काही सुचलेही नाही.

खोलीतले सामान बांधण्याचे काम अर्जदाराकडे आले. कपाटाच्या वरच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेली लहान बाळाची पांढरी लोकरीची टोपी निघाली. फुजैऱ्यात लोकरीची टोपी, तीही बाळाची! अर्जदारास काही उलगडा झाला नाही. त्यांनी ती इतर सामानात घालून पाठवून दिली.

६. दि. १९ फेब्रुवारी रोजी अर्जदाराच्या नावे फ्रान्सहून सहा पानी पत्र आले. रेमंड यांच्या मातोश्री, श्रीमती लेओनी, वय ८८, यांचे ते पत्र. टर्मिनलच्या ऑफिसात मुनीर नावाचे ट्युनिशियाचे क्लार्क आहेत, त्यांना फ्रेंच येते. जेवणाच्या सुट्टीत ते वाचून सांगू लागले. पहिले पान अंत्यविधीचे होते : बापाच्या शेजारी जागा दिली, सव्वीसपैकी पंधरा घरांतून माणसे आली, जमीन गोठली होती म्हणून खणायला वेळ लागला. दुसऱ्या पानावर मुनीर थांबले.

"आल्बर्ट, हबीबी, तुझी मुलगी कुठे असते?"

अर्जदार म्हणाले, "मला मुलगी नाही."

मुनीर यांनी पुन्हा कागदाकडे पाहिले. "इथे आहे," ते म्हणाले.

पत्रात होते ते येणेप्रमाणे. १९८८ साली रेमंडनी आईला कळवले होते की आल्बेरच्या घरी बाळ येणार आहे. म्हातारीने टोपी विणून पाठवली. ती डिसेंबरात पोहोचली. अर्जदारास तर ती रेमंडनी कधी दाखवली नव्हती, पण आईला लिहिले की टोपी इनेजला छान बसली. बस, तिथून सुरुवात झाली. पुढल्या पत्रात म्हातारीने विचारले, दात आले का? ते लिहीत गेले, आले. पुढे इनेज चालू लागली. पुढे आल्बेरने बायको व मुलीला फुजैऱ्यास आणले. क्रिस्टिना त्यांना रोज जेवायला बोलावते. इनेज त्यांना बाऊ म्हणते, वाफ्यांना पाणी घालते, टोमॅटो कच्चेच तोडते म्हणून बोलणी खाते. तिला चित्रकलेत बक्षीस मिळाले. गेल्या नाताळात ती सायकलवरून पडली आणि तिचा हात मोडला. अकरा वर्षे, दर शुक्रवारी. पोरगा परमुलखात एकटा नाही, त्याला जेवू घालणारे घर आहे, एवढ्यावर म्हातारी रात्री निजत होती, असे तिने स्वतःच लिहिले आहे. सामानात निघालेली टोपी इनेजला लहान झाल्यावर पोराने आठवण म्हणून ठेवली असणार, असेही लिहिले आहे.

मुनीर मध्येच म्हणाले, "खलास, बाकीचं उद्या वाचू." अर्जदार म्हणाले, "नाही. वाच." शेवटच्या पानावर तिने लिहिले होते : तुम्ही तिघे जूनमध्ये या. गवत कापायच्या वेळी गाव बरे दिसते. माझ्या मुलाचे दिवस तुमच्या घरी गेले. ते कसे गेले, मला कुणीतरी समोर बसून सांगावे. वरची खोली झाडून ठेवली आहे. मुलीला खिडकीकडची खाट. आणि तिचा हात बरा झाला का, ते कळवा.

अर्जदार त्या दिवशी दुपारी स्टोअरमध्ये परत गेले आणि त्यांनी बोल्टच्या पेट्या मोजल्या. बेरीज चार वेळा चुकली. पाचव्यांदा त्यांनी मोजणे सोडले.

७. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाँबेरोलच्या सरपंच बाईंच्या सहीशिक्क्यानिशी रीतसर निमंत्रण आले. त्यावर नावे तीन : आल्बेर, क्रिस्टिना, इनेज. दि. २४ एप्रिल रोजी अर्जदार दुबईतील फ्रेंच वाणिज्य दूतावासात व्हिसाच्या खिडकीवर गेले. खिडकीवरच्या बाई अदबीने बोलल्या. "निमंत्रण तिघांचं, अर्ज एकाचा. बाकीच्या दोघांचं काय?" अर्जदाराने पत्नीचा मृत्यूचा दाखला दिला. त्या "सॉरी" म्हणाल्या. मग विचारले, "आणि मुलगी?" तिचा कोणताही कागद नाही, एवढेच अर्जदाराने सांगितले. बाईंनी कागदावर तीन मार्ग लिहून दिले : मुलीचा पासपोर्ट व ती येत नसल्याचे पत्र, किंवा अशी कोणी व्यक्ती नाही असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला, किंवा एकट्याच्या नावाचे नवे निमंत्रण. त्यांचे म्हणणे नियमाला धरून आहे, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि तिन्ही मार्ग अर्जदारास बंद आहेत, ते कसे ते नमूद करतो.

पासपोर्ट असण्याचा प्रश्नच नाही.

अशी व्यक्ती नाही, असा दाखला मिळावा म्हणून अर्जदाराचे बंधू अँड्र्यू वसईत दोन ठिकाणी जाऊन आले. ज्या नर्सिंग होममध्ये क्रिस्टिनाला नेले होते, ते कधीच बंद झाले आहे. जन्ममृत्यूच्या दफ्तरात नोंद सापडली नाही. आणि जिची नोंदच नाही, तिच्याबद्दल काय लिहून देणार, असे तिथल्या गृहस्थांनी म्हटले, तेही खरेच. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून चर्चच्या वहीत नाव नाही. अँड्र्यूने फोनवर सांगितले, "अरे अल्बर्ट, तिचं नाव लिहिलेला एकही कागद जगात कुठे नाही." असा कागद आहे, हे अर्जदारास ठाऊक होते. सहा पानी आहे, आणि निळ्या शाईत आहे.

मग प्रतिज्ञापत्र करावे, असे आपल्या कार्यालयाबाहेर टायपिंग करणाऱ्या गृहस्थांनी सुचवले व मसुदाही करून दिला : "मला इनेज नावाची मुलगी नाही व कधीही नव्हती." अर्जदार पेन हातात घेऊन बसले. गृहस्थ म्हणाले, "यल्ला, सही करा, मागे लाइन आहे." अर्जदाराने मसुदा घडी करून खिशात घातला आणि बाहेर आले. महोदय, अर्जदाराने आयुष्यात न वाचता शेकडो कागदांवर सह्या केल्या आहेत. हा वाचला होता, म्हणून झाली नाही.

राहिले नवे निमंत्रण. त्यासाठी सरपंच बाईंना कारण कळवावे लागेल. सव्वीस उंबऱ्यांच्या गावात सरपंच कार्यालयातले कागद आणि पाववाल्याच्या गाडीभोवतीच्या गप्पा यांत किती अंतर असते, हे आपणही खेड्यातले असाल तर जाणता. संध्याकाळच्या आत म्हातारीला कळेल की तिच्या मुलाने अकरा वर्षे जेवणाचे ताट, घर, वहिनी, पोर, सगळे कागदावर उभे केले होते. आणि प्रत्यक्षात तो एका खोलीत होता आणि भिंतीपलीकडे दुसरा एकटा होता. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिचा मुलगा तिला दुसऱ्यांदा वारल्यासारखे होईल. अर्जदाराकडून ते होणार नाही.

८. घाईचे कारण असे. टर्मिनलचे स्टोअर कॉम्प्युटरवर गेले असून अर्जदाराची नोकरी दि. ३१ ऑगस्ट रोजी संपते. त्यासोबत इथला रहिवासाचा परवानाही रद्द होईल. वसईत गेल्यावर ना पगाराचे पत्र, ना बँकेचे. तिथून हा व्हिसा मिळेल अशी आशा नाही. रजा १० जूनपासून मंजूर आहे. म्हातारीची तब्येत बरी नाही, जिना चढवत नाही, असे तिने मागच्या पत्रात लिहिले आहे.

९. आपण काही गाळू नका म्हणालात, म्हणून एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. सौ. गद्रे यांनी इथवर लिहून झाल्यावर विचारले, "भाऊ, तिथे गेल्यावर त्यांना काय सांगणार? खरं की खोटं?" अर्जदाराने सांगितले की त्याचा निकाल आधीच लागून गेला आहे.

म्हातारीचे पत्र आल्यावर दुसऱ्याच शुक्रवारी अर्जदाराने तिला उत्तर पाठवले. मजकूर अर्जदाराचा, फ्रेंच मुनीर यांचे. रेमंड कसे राहत, काय खात, वाफे कसे करीत, हे सगळे लिहिले. पत्र संपत आले आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. मुनीर म्हणाले, "नको लिहू काही. विसरल्यासारखं कर." अर्जदार म्हणाले, "पोरीबद्दल विचारलंय. बाप विसरतो का?" आणि हात बरा झाला, असे लिहिण्यास सांगितले. मुनीर यांनी पेन खाली ठेवले. मग उचलले.

त्यानंतर एकही शुक्रवार चुकलेला नाही. दि. ५ मे च्या पत्रात इनेज सहावीत गेली. तिला भूगोल आवडतो. नकाशात तिने शाँबेरोल शोधले, सापडले नाही, म्हणून रुसली. हे अर्जदाराने कुणाकडून ऐकले नाही, कुठे वाचले नाही. सांगताना ते आपोआप येते. रेमंडना कसे सुचत असेल, असे आधी वाटे. आता वाटत नाही. गेले अडीच महिने अर्जदार आठवडाभर मनात जुळवाजुळव करतात, की या शुक्रवारी तिच्याबद्दल काय लिहायचे. सतरा वर्षांत क्वार्टर्समध्ये अर्जदाराचे दिवस असे भरलेले कधी नव्हते.

हे योग्य नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. सरकारी दाखल्याच्या अर्जात असे कुणी लिहीत नाही, याचीही आहे. सौ. गद्रे यांनी हा परिच्छेद वगळण्याविषयी विचारले होते. अर्जदाराने नको म्हटले. आपण सही करणार, तेव्हा आपल्याला माहीत असलेले बरे.

१०. सबब विनंती अशी की, अशी व्यक्ती नाही, नव्हती, जन्मली नाही, असे काहीही न लिहिता, आपल्या कार्यालयाच्या कागदावर, आपल्या सहीशिक्क्याने, फक्त पुढील एक वाक्य लिहून मिळावे :

"श्री. अल्बर्ट पास्कल रुमाव यांची कन्या कु. इनेज ही या प्रवासात त्यांच्यासोबत जाणार नाही."

व्हिसाच्या खिडकीला एवढे पुरेल, असे तिथल्या बाईंनी शनिवारी फोनवर सांगितले आहे. म्हातारीलाही पुरेल, शाळेमुळे मुलीला आणि मुलीमुळे तिच्या आईला येता आले नाही, असे अर्जदार तिला सांगतील. आणि आपल्याला हे वाक्य लिहिताना संकोच वाटू नये, म्हणून अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितात की त्यात खोटे असे एक अक्षरही नाही.

आपल्या सहीची वाट पाहणारा,

(सही)
अल्बर्ट पास्कल रुमाव
फुजैरा, दि. १४ मे २०००

अर्ज लिहून देणार : सौ. प्रमिला गद्रे

सोबत :
१. सरपंच कार्यालय, शाँबेरोल यांचे निमंत्रण (मूळ प्रत)
२. क्रिस्टिना अल्बर्ट रुमाव यांचा मृत्यूचा दाखला
३. कंपनीचे रजामंजुरीचे पत्र
४. श्रीमती लेओनी यांच्या पत्राची छायाप्रत, पाने सहा